वाचकांचे प्रश्न : रेकॉर्ड परदेशी निघते तेव्हा

घरातल्या किंवा दुकानातल्या जुन्या रेकॉर्ड्स परदेशी गिऱ्हाइकाला पाठवण्याबद्दल आलेल्या पत्रांतली काही निवडक पत्रं आणि त्यांची उत्तरं या वेळी देत आहोत. एकाच विषयावरची दोन-तीन पत्रं एकत्र केली आहेत.

वडिलांच्या संग्रहातल्या नाट्यसंगीताच्या ७८ आरपीएमच्या पाच रेकॉर्ड्स जर्मनीतल्या संग्राहकाने घेतल्या आहेत. वर्तमानपत्रात गुंडाळून, खोक्यात थर्माकोलचे मणी भरून पाठवल्या तर नीट पोचतील ना?
— एक वाचक, मिरज

नाही पोचणार. निदान पाचही नाही.

७८ची (मिनिटाला ७८ फेरे घेणारी) रेकॉर्ड, म्हणजे संग्राहक ज्याला तवा म्हणतात ती, प्लास्टिकची नसते. लाखेत दगडाची बारीक भुकटी आणि काजळी मळून ती दाबलेली असते. लाख फक्त बांधून ठेवते, बाकी सगळी भुकटीच. त्यामुळे ती वाकत नाही, थेट तुटते. तुटण्याची कारणं तीन : कडेवर बसलेला ठोका, दोन रेकॉर्ड्सची एकमेकींशी टक्कर, आणि वरच्या वजनाने मधोमध आलेला बाक. वर्तमानपत्राच्या घड्या या तिन्हींपैकी एकालाही अडवत नाहीत. थर्माकोलचे मणी प्रवासात हादऱ्यांनी खाली-बाजूला सरकतात, जड रेकॉर्ड्स हळूहळू तळाला जातात आणि दोन-चार दिवसांनी खोक्याच्या भिंतीला टेकतात. त्यानंतर एक आपट पुरते.

आधी प्रत्येक रेकॉर्ड तपासा. मधल्या भोकात बोट घालून ती लटकती धरा आणि दुसऱ्या हाताच्या नखाने कडेवर हलकं टिचकवा. अखंड रेकॉर्ड खणखणीत वाजते. केसाएवढा तडा असला तरी आवाज बसका, खरखरीत येतो. अशी रेकॉर्ड पाठवण्याआधी गिऱ्हाइकाला सांगा, कारण तो तडा वाटेत नक्की वाढणार.

आता पुठ्ठे. तीन प्लायच्या (थरांच्या) नालीदार पुठ्ठ्याचे २८ सेंमीचे सहा चौकोन कापा. दहा इंची रेकॉर्ड २५ सेंमीची असते, म्हणजे चारी बाजूंनी दीड सेंमी पुठ्ठा बाहेर राहतो आणि ठोका आधी त्याला बसतो. एका पुठ्ठ्याच्या नाळी उभ्या, पुढच्याच्या आडव्या अशा आलटून-पालटून लावा. एकाच दिशेला लावलेले सहा पुठ्ठे नाळींच्या रेषेत वाकतात, उलटसुलट लावलेले वाकत नाहीत. क्रम : पुठ्ठा, रेकॉर्ड, पुठ्ठा, रेकॉर्ड, शेवटी पुठ्ठा. प्रत्येक रेकॉर्ड साध्या कागदी पिशवीत घालून त्या पिशवीची दोन टोकं मास्किंग टेपने खालच्या पुठ्ठ्याला चिकटवा, म्हणजे ती त्या दीड सेंमीत घरंगळणार नाही. कंपनीचं मूळ छापील पाकीट असेल तर त्याला टेप अजिबात लावू नका. संग्राहक त्या पाकिटाचेही पैसे मोजतो. ते रिकामं पाकीट वेगळं, दोन पुठ्ठ्यांत सपाट ठेवून पाठवा.

हा गठ्ठा टेपने दोन्ही दिशांना बांधा. टेप इतकीच ताणायची की आत काही सरकू नये, पण पुठ्ठ्याला पोक येऊ नये. गठ्ठा कानाजवळ धरून हलवा. आतून ‘टक’ असा आवाज आला तर उघडा आणि पुन्हा बांधा. मग प्लास्टिकच्या पिशवीत घालून घट्ट बसणाऱ्या आतल्या खोक्यात ठेवा आणि तो खोका मोठ्या खोक्यात, सहाही बाजूंनी किमान ४ सेंमी भरण ठेवून. भरणाला बबल रॅप किंवा कागदाचे हाताने कडक आवळलेले बोळे चालतात. बोटाने दाबल्यावर बोळा परत फुगला पाहिजे. खोका बंद झाल्यावर कमरेच्या उंचीवरून सतरंजीवर टाकायला हात धजत नसेल तर तो अजून तयार नाही असं समजा. टपालाच्या सॉर्टिंगमध्ये त्याहून जास्त होतं, आणि ‘काच आहे’, ‘नाजूक’ या चिकटपट्ट्या वाचायला तिथल्या सरकत्या पट्ट्यावर कुणी उभं नसतं.

वजन-मापाचं गणितही इथेच सांगतो, कारण ते पाचाच्या आकड्यावर अडतं. टपालाच्या ट्रॅक्ड पॅकेटला (वाटेत कुठे आहे हे कळणाऱ्या लहान पाकिटाला) २ किलोची मर्यादा आहे. लांबी, रुंदी, उंची यांची बेरीज ९० सेंमीच्या आत आणि कुठलीही एक बाजू ६० सेंमीच्या आत हवी. वर सांगितलेला खोका साधारण ३७ × ३७ × १४ होतो, बेरीज ८८. माप बसलं. ५ सेंमी भरण घेतलंत की ९० ओलांडता. वजन : पाच रेकॉर्ड्स एक किलोच्या आसपास, सहा पुठ्ठे दोनशे ग्रॅमच्या आत, आतला खोका दोनशे, भरण दीडशे. बाहेरचा खोका पाच प्लायचा घेतला तर तो एकटा पाचशेच्या घरात जातो आणि काटा दोन किलोच्या पुढे सरकतो. तीन प्लायचा घेतला तर बसतं, पण लाखेच्या मालाला तीन प्लायचा बाहेरचा खोका आम्ही सुचवणार नाही. चार रेकॉर्ड्स पाच प्लायमध्ये घाला आणि पाचवी वेगळी पाठवा, नाहीतर पाचही आंतरराष्ट्रीय स्पीड पोस्टाने पाठवा.

गिऱ्हाइकाला एक ओळ लिहा : हिवाळ्यात पार्सल आलं तर खोका खोलीत काही तास बंदच राहू दे. गार रेकॉर्ड उबदार खोलीत उघडली की तिच्यावर दव धरतं.

टोकियोला पाठवलेली एलपी शाबूत पोचली, पण कव्हरची वरची शिवण चार इंच उसवली होती. गिऱ्हाईक निम्मे पैसे परत मागतंय. रेकॉर्डला ओरखडाही नसताना हे योग्य आहे का?
— एक वाचक, ठाणे

योग्य आहे. जपानी गिऱ्हाईक रेकॉर्डइतकंच कव्हरही विकत घेत असतो.

उसवलं कशाने? कव्हरच्या आतल्या रेकॉर्डनेच. एलपी, म्हणजे व्हायनल या प्लास्टिकची बारा इंची रेकॉर्ड, १२० ते १४० ग्रॅमची, जाड असेल तर १८० ग्रॅमची. पार्सल कडेवर पडलं की आतली तबकडी पुढे सरकते आणि तिची कड करवतीसारखी शिवणीवर आदळते. पन्नास वर्षांपूर्वीच्या आपल्याकडच्या कव्हरांचा गोंद आधीच सुकून कडक झालेला असतो, त्यामुळे दोन-तीन आपटींत शिवण सुटते.

उपाय सोपा आहे आणि परदेशी गिऱ्हाईक तो गृहीतच धरतं : तबकडी कव्हरमधून बाहेर काढायची. नव्या आतल्या पिशवीत, शक्यतो प्लास्टिकचं अस्तर असलेल्या, ती घालायची आणि कव्हरच्या मागे उभी ठेवायची. मूळची छापील आतली पिशवी रिकामी करून कव्हरमध्येच राहू द्यायची. मग कव्हर आणि तबकडी मिळून एका बाहेरच्या पारदर्शक पिशवीत. ही पिशवी पॉलिथिनची किंवा पॉलिप्रॉपिलिनची हवी. दुकानात मिळणारी जाड, चकचकीत, वास येणारी पीव्हीसीची नको. तिच्यातला मऊ करणारा पदार्थ उष्णतेत पाझरतो आणि तबकडीवर धुरकट डाग पाडतो. तो डाग धुतल्याने जात नाही.

पिशवीच्या दोन्ही बाजूंना ३३ सेंमीचा एकेक पुठ्ठा लावा, नाळी एकमेकांना आडव्या. कव्हर ३१.५ सेंमीचं असतं, म्हणजे कोपऱ्यांना थोडी जागा मिळते. गुळगुळीत बाजू आत. बबल रॅप थेट कव्हरला किंवा तबकडीला लावू नका, मे महिन्यात विमानतळावर तापलेल्या कंटेनरमध्ये बुडबुड्यांचे ठसे उमटतात. तो पुठ्ठ्याच्या बाहेरून गुंडाळा. वरून पाच प्लायचं घडीचं पाकीट किंवा सपाट खोका. कोपरे दुहेरी करायचे असतील तर पुठ्ठ्याची इंचभर रुंदीची पट्टी काटकोनात दुमडून आत बसवा. कव्हरचा दुमडलेला कोपरा पुन्हा सरळ होत नाही, म्हणून कोपऱ्यावर दोन मिनिटं जास्त घालवलेली परवडतात.

असं बांधलेली एक एलपी साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास भरते आणि पुढची प्रत्येक साधारण २४० ग्रॅमची भर घालते. म्हणजे दोन किलोत सहा एलपी आरामात बसतात. सातवीला काटा इतका कडेला येतो की पोस्टातल्या काट्यावर भरवसा ठेवू नये.

हापूसच्या लाकडी पेट्या आणि पेंढा घरात पडून आहे. मेलबर्नच्या गिऱ्हाइकाला त्यातच एलपी पाठवल्या तर मजबूत राहतील असं वाटतं.
— एक वाचक, रत्नागिरी

मजबूत राहतील, पण ऑस्ट्रेलियाच्या सीमेवरच. तिथले जैवसुरक्षा नियम कडक आहेत. पेंढा, गवत, सालपटं असलं भरण आत घेतलं जात नाही. पार्सल अडवतात, नष्ट करतात किंवा गिऱ्हाइकाच्या खर्चाने प्रक्रिया करायला लावतात. फळांचे वापरलेले खोकेही त्याच कारणाने टाळा, पुठ्ठ्याचे असले तरी. कच्च्या लाकडाच्या पेटीला आयएसपीएम १५ हा आंतरराष्ट्रीय नियम लागू आहे. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवलेलं आणि तसा शिक्का मारलेलं हवं. आंब्याच्या पेटीवर तो कुठून असणार? नवा पुठ्ठा वापरा आणि पेट्या पुढच्या मोसमासाठी ठेवा.

पोस्ट की कुरिअर? कुरिअरवाला दहा एलपींच्या साडेतीन किलोच्या खोक्याला पाच किलोचे पैसे सांगतो. फसवतोय का?
— एक वाचक, नागपूर

फसवत नाही, आकारमानाचं वजन लावतोय. कुरिअर कंपन्या लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागतात आणि खरं वजन व हे वजन यांतलं जास्त असेल ते धरतात. ४० × ४० × १५ च्या खोक्याचं उत्तर ४.८ किलो येतं, वर पूर्णांक केला की पाच. उंची १५ ऐवजी ११ केलीत तर ३.५२, म्हणजे खऱ्या वजनाच्या बरोबरीने. सपाट वस्तूला फुगीर खोका घेऊ नये, त्याचं हे कारण. पण उंची कमी करताना भरण खाऊ नका, खोकाच बेताचा शोधा. पुठ्ठ्याच्या दुकानात मागितला तर मापाने कापून देतात.

ढोबळ नियम असा : दोन किलोच्या आत आणि किंमत बेताची असेल तर टपालाचं ट्रॅक्ड पॅकेट, जिथे ती सेवा आहे तिथे. महाग एकटी रेकॉर्ड किंवा घाईचं गिऱ्हाईक असेल तर आंतरराष्ट्रीय स्पीड पोस्ट. दहा-पंधरा एलपींचा गठ्ठा असेल तर कुरिअर आणि एअर पार्सल दोन्हींचे भाव घ्या, दरवेळी उत्तर वेगळं येतं. ट्रॅकिंग नसलेली सेवा कितीही स्वस्त असली तरी विकलेल्या मालाला वापरू नका. ‘मिळालंच नाही’ या तक्रारीत विक्रीच्या साइटवर ट्रॅकिंग नसलेला विक्रेता हरतोच.

मी नोकरदार आहे, दुकान नाही. महिन्याला चार-पाच रेकॉर्ड्स परदेशी विकतो. फॉर्मवर ‘गिफ्ट’ लिहून किंमत ५ डॉलर टाकली तर चालतं असं एकाने सांगितलं.
— एक वाचक, नाशिक

चालत नाही, फक्त पकडलं जाईपर्यंत निभतं. पैसे परदेशातून तुमच्या खात्यात ६० डॉलर आलेले आणि कस्टमच्या कागदावर ५ डॉलरची भेट, ही विसंगती बँकेच्या नोंदीत कायमची राहते. पार्सल हरवलं तर भरपाईही कागदावरच्या आकड्यानेच.

विकलेला माल म्हणजे निर्यात, मग ती एक रेकॉर्ड का असेना. त्यासाठी विदेश व्यापार महासंचालनालयाचा आयईसी (आयात-निर्यातदाराचा) क्रमांक हवा. तो ऑनलाइन मिळतो, शुल्क ५०० रुपये, आणि व्यक्तीच्या नावावर, मालकी व्यवसाय म्हणूनही काढता येतो. क्रमांक म्हणजे तुमचा पॅनच असतो. तो दरवर्षी एप्रिल ते जून या काळात पोर्टलवर जाऊन पुष्टी करावा लागतो, काही बदल नसला तरी. विसरलात तर निष्क्रिय होतो आणि हे बहुतेकांना पार्सल अडल्यावर कळतं.

टपालाने पाठवायचं असेल तर २०२२पासून सुरू झालेल्या डाक घर निर्यात केंद्राच्या पोर्टलवर नोंदणी करा. पोस्टल बिल ऑफ एक्स्पोर्ट (टपालाने केलेल्या निर्यातीचा कस्टमचा फॉर्म) तिथेच भरायचं, लेबल छापायचं आणि पार्सल केंद्रावर द्यायचं. कस्टमची तपासणी पुढे विदेश डाकघरात होते, मुंबईचं ते बॅलार्ड इस्टेटला आहे. तिथे स्वतः खेटे घालायची गरज उरलेली नाही. पेपाल असो की पेओनिअर, पैसे आल्यावर त्यांचा आवक रकमेचा दाखला उतरवून त्या-त्या बिलाला जोडून ठेवा. जीएसटीचं मात्र तुमच्या उलाढालीप्रमाणे सीएला विचारा, त्याला दोन ओळींत उत्तर नाही.

मालाचं वर्णन कसं लिहायचं, याकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. ‘म्युझिक आयटम’, ‘प्लास्टिक डिस्क’ असलं काही लिहू नका. इंग्रजीत ‘वापरलेल्या ग्रामोफोन रेकॉर्ड्स, व्हायनल, इतके नग’ असा सरळ मजकूर आणि वर्गीकरण क्रमांक ८५२३ ८० १० लिहा. पहिले सहा आकडे जगभर सारखेच आहेत. ७८ची असेल तर व्हायनलऐवजी शेलॅक, म्हणजे लाख. युरोपीय संघात १ जुलै २०२१ पासून पहिल्या युरोपासूनच व्हॅट लागतो. विक्रीच्या साइटने तो आधीच गिऱ्हाइकाकडून घेतला असेल तर साइट एक आयओएसएस क्रमांक (व्हॅट आधीच घेतल्याची खूण) देते. तो ऑनलाइन कस्टम माहितीत भरला नाही तर गिऱ्हाईक दारात पुन्हा व्हॅट भरतं, वर तिथल्या टपालाचा हाताळणी आकार. गिऱ्हाइकाच्या शेऱ्यात एक तारा कमी मिळण्याचं हे नेहमीचं कारण.

आजोबांकडची एकाच बाजूने खाचा असलेली रेकॉर्ड आहे. लेबलवर पंख असलेल्या देवदूताचं चित्र, खाली ‘हॅनोव्हर’ असं छापलंय. लंडनचं गिऱ्हाईक चांगली किंमत देतंय. पाठवू का?
— एक वाचक, मडगाव

थांबा. आधी वय काढा.

भारतातलं पहिलं व्यावसायिक ध्वनिमुद्रण कलकत्त्यात नोव्हेंबर १९०२ मध्ये झालं. ते तवे जर्मनीत हॅनोव्हरला दाबून बोटीने परत यायचे. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदहला कारखाना सुरू झाला आणि तिथून तबकड्या इथेच बनू लागल्या. तेव्हा देवदूत, एकच बाजू आणि हॅनोव्हर ही तिन्ही चिन्हं एकत्र असतील तर तुमची रेकॉर्ड शंभरी ओलांडलेली आहे. शेवटी गायक किंवा गायिका स्वतःचं नाव सांगत असेल तर तोही त्याच काळाचा पुरावा. परदेशी कारखान्यातल्या माणसाला कुठली तबकडी कुणाची हे कळावं म्हणून ती पद्धत होती.

पुरावस्तू आणि कलानिधी कायदा, १९७२ प्रमाणे किमान शंभर वर्षं जुनी ऐतिहासिक वा कलेशी निगडित वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि तिची निर्यात खासगी व्यक्तीला करता येत नाही. शिक्षा किमान सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड. ‘हजारो प्रती निघाल्या होत्या, ही कसली पुरावस्तू’ हा युक्तिवाद कस्टमच्या टेबलावर करण्यात अर्थ नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे अर्ज करा. वस्तू पुरावस्तू नाही असं त्यांचं प्रमाणपत्र मिळालं तरच पाठवा. नाहीतर ती देशातच विका, इथेही जाणकार गिऱ्हाईक आहे.

सीमारेषेवरच्या रेकॉर्ड्ससाठी कान उपयोगी पडतो. भोंग्यात गाऊन केलेलं मुद्रण १९२५-२७ च्या आसपास संपलं आणि मायक्रोफोन आला. आवाज चिंचोळा, डब्यातून आल्यासारखा आणि तबला जवळजवळ ऐकूच येत नसेल तर रेकॉर्ड भोंग्याच्या काळातली समजा आणि प्रमाणपत्राशिवाय हलवू नका. आणि शंभर वर्षांची सीमारेषा दरवर्षी एक वर्ष पुढे सरकते, हे विसरू नका. मुंबईची यंग इंडिया छापाची रेकॉर्ड मात्र १९३५ च्या सुमारापासूनची. तिची चिंता अजून काही वर्षं नाही.

अमेरिकेला पाठवणं बंद झालंय का? न्यू जर्सीचं गिऱ्हाईक वाट बघतंय.
— एक वाचक, डोंबिवली

बंद झालं होतं. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या मालाची करमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून काढून घेतली. त्याआधीच, २५ ऑगस्टपासून, भारतीय टपालाने तिकडचा माल घेणं थांबवलं आणि १५ ऑक्टोबर २०२५ पासून पुन्हा सुरू केलं. आता अमेरिकेचा कर बुकिंगच्या वेळी इथेच भरून घेण्याची पद्धत आहे. दर सारखे बदलत आले आहेत, त्यामुळे गिऱ्हाइकाला भाडं सांगण्याआधी त्याच दिवशी काउंटरवर विचारा. मागच्या महिन्याच्या पावतीवरून सांगू नका.

पण रेकॉर्ड विकणाऱ्याला माहीत हवी अशी एक गोष्ट आहे. अमेरिकेच्या आणीबाणी आर्थिक अधिकारांच्या कायद्यात ‘माहितीपर साहित्य’ वगळलेलं आहे आणि त्या यादीत पुस्तकं, चित्रफिती, छायाचित्रांबरोबर फोनोग्राफ रेकॉर्ड्स नावानिशी लिहिलेल्या आहेत. करमाफी काढून घेणाऱ्या आदेशातही हा अपवाद राखलेला आहे. म्हणून वर्णनात अमेरिकी शब्द वापरा, ‘फोनोग्राफ रेकॉर्ड’. ‘ग्रामोफोन’ तिथे चटकन ओळखला जात नाही. काउंटरवरचं सॉफ्टवेअर तरीही कर मागू शकेल, तसं झालं तर गिऱ्हाइकाला दोन्ही आकडे आधीच कळवा आणि त्याच्या होकाराने पाठवा. कुरिअर कंपनीकडे मात्र इनव्हॉइसवर हा अपवाद स्वतंत्र ओळीत नमूद करायला सांगता येतं.

पावसाळ्यात एलपींवर बुरशी धरते. पुसून पाठवल्या तरी गिऱ्हाईक म्हणतं, वास येतो आणि खरखर आहे.
— एक वाचक, कोल्हापूर

पुसल्याने वरची पांढरी साय जाते, खाचेतली तशीच राहते. डिस्टिल्ड पाण्याच्या चार भागांत एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भांडी धुण्याच्या द्रावणाचा एक थेंब घाला. मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने, गोल फिरवत धुवा, लेबल कोरडं ठेवा. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा. नळाचं पाणी वाळल्यावर खाचेत क्षार सोडतं आणि नवीनच खरखर सुरू होते. हे फक्त व्हायनलसाठी. लाखेच्या रेकॉर्डला अल्कोहोलचा थेंबही लागला तर लाख विरघळते, चकाकी जाते आणि तिथे सुई रुतते. तिला नुसतं पाणी आणि साबणाचा थेंब, तेही झटपट. तडा असलेल्या लाखेच्या रेकॉर्डला पाणीही नको.

धुतल्यावर एक पूर्ण दिवस उभी वाळू द्या. अर्धवट ओली रेकॉर्ड प्लास्टिकच्या पिशवीत बंद केली की तीन आठवड्यांच्या प्रवासात बुरशी पुन्हा पिकते. जुनी आतली पिशवी वास धरून बसलेली असेल तर नवी घाला. सिलिका जेलची पुडी पिशवीच्या बाहेर, पुठ्ठ्याशी ठेवा, रेकॉर्डला चिकटून नको. जून ते सप्टेंबर पुठ्ठेही आदल्या रात्री कोरड्या खोलीत पंख्याखाली ठेवा. दमट पुठ्ठा हाताला मऊ लागतो, आणि मऊ पुठ्ठ्याचा खोका वजनाखाली बसतो.

भाचा दुबईला जातोय. सहा एलपी त्याच्याकडे दिल्या तर?
— एक वाचक, पुणे

हातातल्या बॅगेत दिल्या तर उत्तम. केबिन बॅग साधारण ५५ × ३५ सेंमीची असते, ३३ सेंमीचा पुठ्ठा तिच्यात बसतो. कपड्यांच्या मध्ये, उभ्या. मोठ्या सामानात मात्र नको. आणि विमानतळावरून घरी जाताना बॅग बंद गाडीत उन्हात ठेवायची नाही, हे त्याला दोनदा सांगा. आखाती उन्हात बंद गाडीतली एलपी तासाभरात पापडासारखी वाकते. या रेकॉर्ड्स विकलेल्या असतील तर मात्र हीसुद्धा निर्यातच आहे, नाशिकच्या वाचकांना दिलेलं उत्तर पाहा.

मी ‘व्हीजी प्लस’ लिहून पाठवलेली रेकॉर्ड गिऱ्हाईक ‘व्हीजी’ म्हणून परत करतंय. परतीचं भाडं रेकॉर्डच्या किमतीपेक्षा जास्त आहे.
— एक वाचक, सोलापूर

दर्जा (‘व्हीजी’ म्हणजे ‘व्हेरी गुड’, ‘व्हीजी प्लस’ त्याच्या वरची पायरी) डोळ्यांनी ठरवला होता की वाजवून? ट्यूबलाइटखाली स्वच्छ दिसणारी रेकॉर्ड जड सुईच्या जुन्या चेंजरवर (रेकॉर्ड आपोआप बदलणाऱ्या यंत्रावर) वर्षानुवर्षं वाजलेली असेल तर खाचा आतून झिजलेल्या असतात. डोळ्यांना ते दिसत नाही, तार सप्तकातल्या आवाजात फाटल्यासारखं ऐकू येतं, विशेषतः बाजूच्या शेवटच्या गाण्यात. त्यामुळे निदान दोन्ही बाजूंचं शेवटचं गाणं पूर्ण ऐका आणि मगच दर्जा लिहा. शंका असेल तिथे एक पायरी खाली उतरा. रेकॉर्ड तिरप्या प्रकाशात धरून काढलेला एक फोटो, कव्हरच्या चारही कडांचे फोटो आणि लेबलाजवळच्या गुळगुळीत भागात कोरलेल्या मॅट्रिक्स (साच्याच्या) क्रमांकाचा फोटो विक्रीच्या पानावर टाका. मॅट्रिक्सचा फोटो अशासाठी, की परत आलेली रेकॉर्ड तुम्ही पाठवलेलीच आहे का, हे तपासायला मदत होते. एकाच क्रमांकाच्या दोन प्रती असू शकतात, म्हणून लेबलवरचा एखादा डाग किंवा पेनाची खूणही फोटोत येऊ द्या.

आताच्या प्रकरणात रेकॉर्ड परत मागवू नका. दोन दर्जांच्या बाजारभावातला फरक परत करायची तयारी दाखवा. बहुतेक गिऱ्हाइकं तेवढ्यावर थांबतात.